२१४वं पत्र : मेल मर्जच्या फाइलमधून हवी तेवढीच पानं कशी छापायची

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकताना कीबोर्डवरची अक्षरं नीट कळली नाहीत असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून तो भाग इथे जरा सावकाश लिहिलाय.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, भाऊ, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा एपिसोड? प्रिंट काढायची, त्यात काय सांगायचं? मलाही तसंच वाटायचं. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, रोज कोड लिहितो. प्रिंटर ही काही आपली लढाई नाही, असा माझा समज होता. मग गेल्या वर्षी पोळ्याला घरी गेलो आणि तो समज उतरला.

माझं गाव शेंदूरजनाघाट. अमरावती जिल्हा, वरुड तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याचा पट्टा. आमच्याकडे संत्र्याच्या बागा जेवढ्या, तेवढ्याच संत्र्याच्या कलमांच्या नर्सऱ्या. जंबेरीच्या रोपावर डोळा बांधायचा आणि कलम तयार करायचं, हे काम गावातली पोरं शाळेत असतानाच शिकतात. मी नाही शिकलो. मी कम्प्युटर शिकलो. त्यामुळे गावात कोणाचाही कम्प्युटर अडला की निरोप माझ्याकडे येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठे बाबा घरी आले. हातात पेन ड्राइव्ह. ते गावातल्या एका सहकारी संस्थेच्या कमिटीवर आहेत. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. म्हणाले, "तू पुण्यात कम्प्युटरवरच बसून राहतं ना? मग हे पाहून दे बरं. लई घोळ होऊन राह्यला."

घोळ काय झाला होता

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला आधी पोचली पाहिजे. या संस्थेत सभासद ५८०. पत्र दोन पानांचं. पहिल्या पानावर सभेची नोटीस आणि विषयपत्रिका. दुसऱ्या पानावर त्या सभासदाचा हिशेब : भागभांडवल किती, कर्ज किती घेतलं, थकीत किती.

संस्थेत काम पाहणाऱ्या पोरानं हे सगळं वर्डमध्ये मेल मर्जनं केलं होतं. एमएस-सीआयटीत आपण सगळ्यांनी मेल मर्ज केलाय. एक पत्र, एक्सेलमध्ये नावांची यादी, दोन्ही जोडले की नावानिशी ५८० पत्रं तयार. त्यानंही तेच केलं, आणि बरोबर केलं. १,१६० पानांची फाइल तयार झाली.

कागद वाचावा म्हणून त्यानं पाठपोट छापायचं ठरवलं. प्रिंटर साधा, स्वतः कागद उलटवणारा नाही. म्हणून आधी सगळी विषम पानं छापली, म्हणजे नोटिसा. मग तो गठ्ठा उलटा करून परत ट्रेमध्ये ठेवला आणि सम पानं मागच्या बाजूला छापली, म्हणजे हिशेब.

इथे प्रिंटरनं एकदा दोन कागद एकदम ओढले. पावसाळ्याची हवा, कागद ओलसर, चिकटतात. २१३ आणि २१४ नंबरचे कागद एकत्र आत गेले. २१३च्या पाठीमागे २१३चा हिशेब आला. २१४ची पाठ कोरी राहिली. आणि २१४चा हिशेब छापला गेला २१५च्या पाठीवर. तिथून पुढे प्रत्येकाच्या पाठीवर यादीतल्या आधीच्या माणसाचं कर्ज.

समोरची बाजू मात्र अगदी व्यवस्थित. नाव बरोबर, पत्ता बरोबर. उलटून कोण बघतो?

शेवटी प्रिंटरनं "कागद संपला" म्हणून लाइट लावला. पोरानं एक कोरा कागद टाकला, त्यावर ५८०व्या सभासदाचा हिशेब एकटाच छापून आला. तीच खरी खूण होती. गठ्ठ्यात ५८० कागद होते, मग ५८१वा कागद लागलाच कसा? पण दिवसभर छपाई करून थकलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मलाही पडला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायानं तीस-पस्तीस पत्रं वाटली. त्यातली काही २१४च्या पुढची होती. एका घरी शेजाऱ्याच्या थकीत कर्जाचा आकडा पोचला. ज्याचा आकडा होता त्याच्या पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. संध्याकाळपर्यंत तो आकडा चहाच्या टपरीवर पोचला होता.

आता यात कर्ज घेणं काही पाप नाही. संत्र्याचा आंबिया बहार गळाला की आमच्याकडे निम्म्या घरांत थकबाकी असते. पण कोणाची किती, हे त्यानं स्वतः सांगायचं असतं. कागदानं नाही.

मग फक्त पुढची पत्रं परत छापायची ना?

हो. २१४ ते ५८०. एकूण ३६७ पत्रं. पहिली २१३ चांगली होती, ती परत छापून कागद आणि टोनर घालवायचा नव्हता.

संस्थेतल्या पोरानं हिशेब केला. प्रत्येक पत्र दोन पानांचं, म्हणजे २१३ पत्रांची ४२६ पानं झाली. २१४वं पत्र ४२७व्या पानापासून सुरू होतं. वर्डमध्ये तिथे जाऊन पाहिलं, खालच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेलं, पान ४२७, एकूण ११६०. त्यानं प्रिंटच्या खिडकीत पेजेसच्या चौकटीत टाकलं ४२७-११६०. प्रिंट दाबलं.

काहीच निघालं नाही.

परत दाबलं. काहीच नाही. प्रिंटर बंद करून चालू केला. ड्रायव्हर नव्यानं टाकला. शेवटी मोठ्या बाबांच्या हाती पेन ड्राइव्ह दिला.

त्याचं गणित बरोबर होतं. प्रिंटरही बरोबर होता. चूक होती ती "पान नंबर" या शब्दाच्या अर्थात.

वर्डला ४२७ नंबरचं पान का सापडत नाही

मेल मर्ज पूर्ण करून वर्ड जेव्हा नवी फाइल बनवतो, तेव्हा दोन पत्रांच्या मध्ये एक भिंत घालतो. त्या भिंतीला म्हणतात सेक्शन ब्रेक. प्रत्येक पत्र एक वेगळा सेक्शन. आणि प्रत्येक सेक्शनमध्ये पानांचे नंबर पुन्हा १ पासून सुरू होतात. हे मुद्दामच केलेलं आहे. विचार करा, तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर "पान ४२८" छापून आलं तर कसं दिसेल?

म्हणजे वर्डच्या दृष्टीनं त्या फाइलमध्ये १ नंबरची ५८० पानं आहेत आणि २ नंबरची ५८० पानं आहेत. ४२७ नंबरचं पान एकही नाही.

खालच्या पट्टीवर जो ४२७ दिसतो तो वेगळा आकडा आहे. तो नुसती मोजणी सांगतो, सुरुवातीपासून कितवा कागद. प्रिंटची चौकट मात्र पानाला दिलेला नंबर बघते. एकाच फाइलमध्ये दोन मोजपट्ट्या, आणि दोन्हींना आपण "पान नंबर" म्हणतो.

असं समजा की ५८० घरांची वस्ती आहे आणि प्रत्येक घरात दोनच खोल्या आहेत. तुम्ही पोस्टमनला सांगितलं, "४२७ नंबरच्या खोलीत जा." तो म्हणेल, घर कोणतं ते सांगा.

तर घर कोणतं ते सांगायचं.

घर नंबर सांगायची पद्धत

इथे नीट लक्ष द्या. मी अक्षरं उच्चारासारखी लिहितोय. तुम्ही टाइप करताना इंग्रजी कीबोर्डवरची छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, मध्ये स्पेस द्यायची नाही.

पी म्हणजे पेज. एस म्हणजे सेक्शन. पीनंतर पानाचा नंबर, एसनंतर सेक्शनचा नंबर.

• फक्त २१४वं पत्र, पूर्ण : एस२१४
• २१४ ते ५८० सगळी पत्रं : एस२१४-एस५८०
• २१४व्या पत्राचं फक्त दुसरं पान : पी२एस२१४
• २१४च्या दुसऱ्या पानापासून २२०च्या पहिल्या पानापर्यंत : पी२एस२१४-पी१एस२२०
• तीनच सुटी पत्रं : एस१२,एस८७,एस३०१

हे टाकायचं कुठे? फाइल, मग प्रिंट, आणि तिथली पेजेस नावाची चौकट. बस.

मी मोठ्या बाबांसमोर एस२१४-एस२१५ टाकलं आणि प्रिंट दिली. चार पानं सरसर बाहेर आली. मोठे बाबा म्हणाले, "एवढंच होतं? मंग काल दिवसभर काहून बसलो आम्ही?"

खरं सांगायचं तर मलाही हे पाठ नव्हतं. पेजेसच्या चौकटीवर माउस ठेवला की वर्ड स्वतःच एक छोटी सूचना दाखवतो, त्यात पी आणि एसचं उदाहरण दिलेलं असतं. मी फक्त ती सूचना वाचली. आमच्या धंद्यातलं निम्मं कौशल्य हेच आहे, स्क्रीनवर जे लिहिलंय ते पूर्ण वाचणं.

सेक्शन नंबर कळणार कसा?

खालच्या पट्टीवर राइट क्लिक करा. एक यादी उघडते, त्यात सेक्शनवर टिक करा. आता कर्सर ज्या पत्रात असेल त्याचा सेक्शन नंबर खाली दिसत राहील. त्याच यादीत फॉर्मॅटेड पेज नंबर असाही पर्याय आहे. तोही लावा, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही मोजपट्ट्या शेजारी शेजारी दिसतील.

एखाद्या माणसाचं पत्र हवं असेल तर कंट्रोल आणि एफ दाबून नाव शोधा, त्या पत्रात क्लिक करा, खाली सेक्शन नंबर वाचा. झालं.

पण इथे तीन खड्डे आहेत. तिन्ही लक्षात ठेवा.

पहिला खड्डा एक्सेलचा. एक्सेलच्या पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असतात. म्हणून २१४वा सभासद एक्सेलच्या २१५व्या ओळीत असतो. ओळ नंबर बघून एस२१५ टाकलं की शेजाऱ्याचं पत्र निघालं.

दुसरा, यादीतून गाळलेली नावं. मर्ज करताना काही जणांची टिक काढली किंवा फिल्टर लावला, तर त्यांची पत्रं फाइलमध्ये येतच नाहीत आणि मागच्यांचे सेक्शन नंबर पुढे सरकतात. मग एक्सेलमधला अनुक्रमांक आणि सेक्शन नंबर यांचं नातं तुटतं.

तिसरा, मूळ पत्रातच सेक्शन ब्रेक असणं. समजा दुसऱ्या पानावरचा तक्ता आडव्या कागदावर घेतलाय. तसं करायला मूळ पत्रात दोन सेक्शन करावे लागतात. मग प्रत्येक माणसाचे दोन सेक्शन होतात आणि २१४वा माणूस सापडतो एस४२७ आणि एस४२८मध्ये.

म्हणून मोठा गठ्ठा छापण्याआधी नेहमी एक-दोन पत्रं छापून नाव तपासा. चार कागद गेले तर गेले.

आधीच ठरवलं असेल तर अजून सोपं

फाइल तयार झाल्यावर पानं शोधत बसण्यापेक्षा मर्ज करतानाच तुकडे पाडता येतात. मेलिंग्ज टॅबमध्ये फिनिश अँड मर्ज आहे. तिथे प्रिंट डॉक्युमेंट्स निवडलं की वर्ड विचारतो : सगळे, चालू रेकॉर्ड, की अमुकपासून तमुकपर्यंत? तिथे २१४ ते ५८० टाकलं असतं तरी काम झालं असतं. एस नाही, पी नाही.

त्याच ठिकाणी एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स घेतलं तर तेवढ्याच पत्रांची वेगळी फाइल बनते. फक्त एक लक्षात ठेवा, नव्या फाइलमध्ये सेक्शन परत १ पासून मोजले जातात. २१४वं पत्र तिथे एस१ असेल.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी : तिथे एसवाली पद्धत नाही. पण मेल मर्जच्या खिडकीत पासून-पर्यंत रेकॉर्ड देता येतात, तेच वापरा. सगळ्यांची एकच फाइल बनवली आणि पत्र एका किंवा तीन पानांचं असेल, तर लिबरऑफिस मध्ये मध्ये कोरी पानं घालतो, म्हणजे पुढचं पत्र कागदाच्या समोरच्या बाजूनं सुरू व्हावं. ती पानं छापायची की नाही, याची टिक प्रिंटच्या पर्यायांत असते.

आणि फोनवरून?

मला माहीत आहे, ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे घरी प्रिंटर नाही, लॅपटॉपही नाही. आपली पद्धत ठरलेली : पीडीएफ बनवायची, झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायची, "भैया, दोन कॉपी" म्हणायचं.

फोनवरच्या वर्डमध्ये मेल मर्ज नाही. तो कम्प्युटरवरच करावा लागतो. पण फाइल एकदा पीडीएफ झाली की फोनवरून छापणं सोपं आहे, कारण तिथे सेक्शनच्या भिंती राहत नाहीत. पीडीएफमध्ये पानं सरळ १ ते ११६० अशी मोजली जातात आणि अँड्रॉइडच्या प्रिंट खिडकीत तोच आकडा चालतो.

तिथे हे गणित कामी येतं. पत्र दोन पानांचं असेल तर पत्राच्या नंबरातून १ वजा करा, २ नं गुणा, १ मिळवा. हे पहिलं पान. शेवटचं पान म्हणजे पत्राचा नंबर गुणिले २. म्हणजे २१४ ते २२० ही पत्रं हवी असतील तर पानं ४२७ ते ४४०.

पण हे गणित एकाच अटीवर चालतं, प्रत्येक पत्र नेमकं दोन पानांचं असलं पाहिजे. एखाद्याचं नाव-पत्ता लांब आहे, कर्जाच्या नोंदी जास्त आहेत, मजकूर तिसऱ्या पानावर सांडला, की त्याच्या पुढच्या सगळ्यांचं गणित बिघडलं. वर्डमधला एस अशा वेळी चुकत नाही, कारण तो घर मोजतो, खोल्या मोजत नाही.

अजून एक. इतरांची माहिती असलेली पूर्ण पीडीएफ झेरॉक्सवाल्याला पाठवू नका. अँड्रॉइडच्या प्रिंट खिडकीत प्रिंटरऐवजी सेव्ह ॲज पीडीएफ निवडा, पानांची रेंज द्या, आणि तेवढ्याच पानांची छोटी फाइल बनवून पाठवा. काम झालं की त्याच्यासमोरच ती डिलीट करून घ्या. यात लाज कसली?

आम्ही शेवटी काय केलं

आधी मूळ पत्र दुरुस्त केलं. दुसऱ्या पानावर सभासदाचं नावच नव्हतं! नुसता हिशेबाचा तक्ता होता. म्हणून तर पाठ बदलली तरी कोणाला कळलं नाही. आम्ही दोन्ही पानांच्या कोपऱ्यात यादीतला अनुक्रमांक आणि नाव टाकलं. एक्सेलमध्ये अनुक्रमांकाचा रकाना होताच, तोच मर्जमध्ये घेतला. आता समोर २१५ आणि मागे २१४ दिसलं की आंधळ्यालाही कळेल.

मग पन्नास-पन्नासचे गठ्ठे केले. एस२१४-एस२६३, मग एस२६४-एस३१३, असं करत शेवटचा एस५६४-एस५८०, सतरा पत्रांचा. एकूण आठ गठ्ठे. प्रत्येक गठ्ठा आधी समोरून छापायचा, कागद हातात घेऊन फडफडवून सुटे करायचे, उलटवून मागून छापायचे, आणि पहिलं व शेवटचं पत्र उलटून बघायचं. शेवटच्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा नंबर जुळला तर मधले जुळलेच. गठ्ठा फसला तर पन्नास कागद जातील, साडेतीनशे नाही.

तुमचं पत्र एका किंवा तीन पानांचं असेल आणि पाठपोट छापायचं असेल, तर एकाच्या पाठीवर दुसऱ्याचं पत्र सुरू होऊ शकतं. त्यासाठी मर्ज करण्याआधीच मूळ पत्रात पेज सेटअपच्या लेआउट टॅबमध्ये जाऊन सेक्शन स्टार्टला ऑड पेज निवडा. मग प्रत्येक पत्र नव्या कागदावरच सुरू होईल.

संध्याकाळी सात वाजता शेवटचा गठ्ठा निघाला. बाहेर पोरं बैलांच्या शिंगांना रंग लावत होती. मोठे बाबा आणि तो पोरगा वाटलेली पत्रं परत आणायला निघाले. प्रत्येक घरी जाऊन "चूक झाली, हे घ्या बरोबर पत्र" असं सांगितलं. ज्याचा आकडा टपरीवर पोचला होता त्याच्या घरी मोठे बाबा एकटे गेले, हात जोडून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सोयरिक मोडली नाही, एवढं नंतर कळलं.

त्या पोराला कमिटीतले काही जण काढायच्या बेतात होते. मी मोठ्या बाबांना म्हटलं, चूक कोणाकडूनही झाली असती. पत्राच्या मागच्या पानावर नाव नसणं ही मूळ चूक, आणि ते पत्र कमिटीनंच मंजूर केलं होतं. मोठे बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी सांगतो त्याइले." पोरगा अजून तिथेच आहे. यंदाची पत्रं त्यानंच छापली, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत.

थोडक्यात

• मर्ज केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पत्र एक सेक्शन. पान नंबर दर पत्राला १ पासून.
• पूर्ण पत्रासाठी एस आणि नंबर. ठरावीक पानासाठी पी आणि एस दोन्ही.
• एक्सेलची ओळ आणि पत्राचा नंबर यांत एकचा फरक.
• जमलं तर मर्ज करतानाच पासून-पर्यंत द्या.
• प्रत्येक पानावर नाव आणि अनुक्रमांक. हे सगळ्यात महत्त्वाचं.

हॉल तिकीट असो, सोसायटीची नोटीस असो की शाळेची प्रमाणपत्रं, प्रत्येक पानावर एका माणसाची गोष्ट असते. ती त्याच्याच हातात पडली पाहिजे, एवढंच.

तुमच्याकडे असा काही छपाईचा घोळ झाला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर कागद सुटे करूनच ट्रेमध्ये ठेवा!